आडात आहे, म्हणून हाडात आहे?

हाड कसे घडते याचा शोध घेणाऱ्यांमध्ये सध्या एक मत इतके रुळले आहे, की ते केवळ एक मत आहे याचाच विसर पडला आहे. हाड घडवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, कशी तयार होते हे जाणायचे असेल, तर तिच्यातले कोणते जनुक कधी जागे होते एवढे पाहावे, असे ते मत. जागे झालेले जनुक संदेशवाहक आरएनएच्या रूपाने आपली खबर बाहेर देते. ही खबर आज स्वस्तात, झटपट आणि एकेका पेशीतून वाचता येते. मग त्याच पेशीतली प्रथिने निराळी काढायची, त्यांचे तुकडे करायचे, ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तोलायचे, हा खटाटोप हवा कशाला? एका चर्चेत एका विद्वान मित्राने हा सारा पक्ष एका म्हणीत बसवला: आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सभा हसली. वाद मिटला असे सर्वांनी गृहीत धरले.

म्हण चोख आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष चोख नाही, हे या लेखात दाखवायचे आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडावा आणि मग त्याला लोळवावे, हा वादातला सर्वांत हलका प्रकार. तेव्हा तो आधी त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. १९९७ साली ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात चार शोधनिबंध आले आणि रन्क्स-२ या जनुकाचे (त्या वेळचे नाव सीबीएफए-१) माहात्म्य सिद्ध झाले. हे जनुक दोन्ही प्रतींतून काढून टाकलेले उंदराचे पिल्लू कूर्चेचा सांगाडा घेऊन जन्मते. त्यात हाड असे नसतेच, आणि ते जन्मताच मरते. माणसात एक प्रत बिघडली तर गळ्याची आडवी हाडे अपुरी राहतात, टाळू वेळेवर भरत नाही. २००२ साली ऑस्टेरिक्स हे दुसरे जनुक सापडले. ते नसेल तर रन्क्स-२ असूनही हाड होत नाही. इतकेच नव्हे, ज्या पेशींचा हाडाशी संबंध नाही त्यांच्यात रन्क्स-२ घातले, तर त्या हाडाची काही प्रथिने बनवू लागतात. याहून निर्णायक पुरावा तो कोणता? शिवाय आरएनएच्या एका रेणूच्या लाखो प्रती काढता येतात. प्रथिनाची प्रत काढण्याची युक्ती निसर्गाने दिलेली नाही. त्यातून हाडाच्या सेंद्रिय भागात सुमारे नव्वद टक्के कोलॅजन. त्या महापुरात रन्क्स-२सारखे मोजके रेणू शोधायचे कसे? हे आक्षेप पोकळ नाहीत. यांतला शेवटचा तर मला अजूनही सतावतो.

आता उत्तरपक्ष. आपल्याकडच्या नैयायिकांनी कार्यकारणाच्या परीक्षेसाठी दोन कसोट्या सांगितल्या: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तेथे कार्य असते, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसते, हा व्यतिरेक. मित्राची म्हण म्हणजे शुद्ध व्यतिरेक. रन्क्स-२ नाही तर हाड नाही. मान्य, शंभर वेळा मान्य. पण आरएनए वाचून पेशीचे भवितव्य सांगणारा मनुष्य व्यतिरेकावर थांबत नाही. संदेश आहे म्हणजे प्रथिन आहे, आणि प्रथिन आहे म्हणजे काम चालू आहे, असे दोन अन्वय तो मुकाट्याने गृहीत धरतो. आडात पाणी आहे म्हणून पोहऱ्यात आलेच, हे कुठल्या न्यायाने? दोर हवा, ओढणारा हवा. आणि पोहऱ्याला भोक असले तर?

भोकाचीच गोष्ट आधी. एटीएफ-४ हे प्रथिन नसलेल्या उंदरांची हाडे विरळ होतात, कारण त्यांचे ऑस्टिओब्लास्ट नीट प्रौढ होत नाहीत. या प्रथिनाचा संदेश मात्र शरीरात जवळजवळ सर्वत्र वाजत असतो. आरएनएची यादी हातात घेऊन बसलेला संशोधक त्याला ‘अस्थिविशिष्ट’ कधीच म्हणणार नाही. नजर न थांबवता पुढच्या ओळीवर जाईल. २००४ साली शांगली यांग आणि जेरार कार्सेंटी यांनी दाखवले, की इतर पेशींत हे प्रथिन बनते आणि प्रोटिआसोम नावाच्या पेशीतल्या चक्कीत लागलीच भरडले जाते. ऑस्टिओब्लास्टमध्ये ते तगून राहते. ही चक्की त्यांनी हाडाशी संबंध नसलेल्या पेशींत औषधाने बंद पाडली. एटीएफ-४ साठले, आणि एरवी केवळ ऑस्टिओब्लास्टमध्ये बोलणारे ऑस्टिओकॅल्सिनचे जनुक तेथे बोलू लागले. म्हणजे पाणी साऱ्या आडांत होते. फरक होता तो पोहऱ्यांत. पेशीची ओळखच जेथे एका प्रथिनाच्या टिकण्यावर ठरते, तेथे संदेश वाचून ती ओळख कळेल असे म्हणणारा पुरावा कोठून आणणार?

यावर प्रतिपक्ष म्हणेल: हा अपवाद. सर्वसाधारणपणे संदेश जास्त तेथे प्रथिन जास्त, हे खरेच ना? या प्रश्नावर एक प्रसिद्ध झटापट होऊन गेली आहे. २०११ साली बर्लिनमधील मॅथियास झेलबाख यांच्या गटाने उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत हजारो जनुकांचे संदेश आणि प्रथिने एकाच वेळी मोजली. प्रथिनांच्या प्रमाणातला सुमारे ४० टक्केच फरक संदेशाच्या प्रमाणावरून सांगता येतो, असे त्यांना आढळले. माझ्या बाजूचे लोक हा आकडा मिरवत हिंडतात. त्यांनी पुढचेही सांगायला हवे: २०१४ साली जिंग्यी ली, पीटर बिकेल आणि मार्क बिगिन यांनी मापनातल्या चुका सुधारून तोच हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा आकडा किमान ५६ टक्क्यांवर गेला. मी प्रतिपक्षाला त्याहून मोठा आकडाही द्यायला तयार आहे. त्याने काहीच बिघडत नाही. कारण हा आकडा वेगवेगळ्या जनुकांची एकमेकांशी तुलना करतो: कोलॅजनचा संदेश उदंड, म्हणून कोलॅजनही उदंड, रन्क्स-२चा संदेश थोडा, म्हणून ते प्रथिनही थोडे. पेशीच्या घडणीचा प्रश्न निराळा आहे. एकाच जनुकाचे प्रथिन पहिल्या दिवसापेक्षा सातव्या दिवशी वाढले की घटले, हा तो प्रश्न. कोकणात पाऊस जास्त आणि माणदेशात कमी, एवढ्या ज्ञानावर माणदेशात यंदा गेल्या सालापेक्षा किती पडला हे कोणी सांगू पाहत असेल, तर त्याला आपण हवामानतज्ज्ञ म्हणू का?

त्याच बर्लिनच्या मोजणीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कमी लक्ष गेले. संदेशाचे अर्धायुष्य सरासरी नऊ तासांच्या आसपास, प्रथिनाचे शेहेचाळीसच्या आसपास. हे झाले पेशीच्या आतले. हाडातले कोलॅजन एकदा बाहेर विणले गेले, की वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे आरएनए सांगतो ते पेशी या घटकेला काय म्हणते आहे. तिने काय करून ठेवले आहे, ते प्रथिनात असते. आणि हाड म्हणजे पेशीने करून ठेवलेलेच.

आता रन्क्स-२. प्रतिपक्षाचा हा राजा. तेव्हा त्यालाच साक्षीला बोलावू. उंदराच्या कवटीतून जपानी संशोधकांनी वाढवलेल्या एमसी३टी३-ई१ या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत ऑस्टिओब्लास्टच्या घडणीचा नमुना म्हणून वापरतात. बशीतल्या या पेशींना क जीवनसत्त्व दिले नाही तर त्या नुसत्याच वाढत राहतात. दिले की हाडाच्या वाटेला लागतात. मिशिगन विद्यापीठातील रेनी फ्रान्सेस्की यांच्या गटाने १९९८ साली याच पेशींत पाहिले, की क जीवनसत्त्व मिळाल्यावर रन्क्स-२ डीएनएला अधिक जोमाने चिकटते आणि ऑस्टिओकॅल्सिनचे जनुक चालू होते. रन्क्स-२चा संदेश किती वाढला? वाढला नाही. प्रथिन किती वाढले? तेही नाही. आहे तेच रन्क्स-२ निराळे वागू लागले होते. येथे, कबूल करतो, केवळ प्रथिनाचे प्रमाण मोजणाराही तोंडघशी पडतो. हवे आहे ते प्रथिनावर झालेल्या संस्काराचे वाचन: कोठे फॉस्फेट चिकटले, कोठून सुटले.

आणि हा संस्कार आला कोठून? पेशीच्या बाहेरून. क जीवनसत्त्वामुळे कोलॅजनमधल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट चढतो. त्याविना कोलॅजनच्या तीन पदरांचा पीळ, ज्याचे प्रारूप जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मद्रासमध्ये कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावरून मांडले, तो शरीराच्या उष्णतेला टिकत नाही. पीळ टिकला की कोलॅजन पेशीबाहेर जाळे विणते. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन त्या जाळ्याला हात लावते, फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांची साखळी हलते, आणि निरोप केंद्रकातल्या रन्क्स-२पर्यंत पोहोचतो. प्रतिपक्षाच्या चित्रात बाण जनुकाकडून प्रथिनाकडे जातो. येथे तो बाहेरच्या प्रथिनाकडून जनुकाकडे आला. राजा हुकूम सोडतो हे खरे. पण अंगणातले जाळे विणून झाल्याची वर्दी आल्याखेरीज तो तोंड उघडत नाही.

हे केवळ बशीतले नवल नव्हे. १७४०च्या दशकात जॉर्ज अॅन्सन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत खलाशांना स्कर्व्हीने गाठले, तेव्हाची एक नोंद सफरीच्या १७४८ साली छापलेल्या वृत्तांतात आहे. १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाच्या पन्नास वर्षे बुजलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि कधीच सांधलेले हाड, जणू ते सांधलेच नव्हते असे, सुटे झाले. त्या म्हाताऱ्याच्या जनुकांत समुद्रावर काय बदलले होते? काही नाही. लिंबाच्या रसाअभावी कोलॅजनवरचा एक हायड्रॉक्सिल गट चढायचा राहिला होता.

राजाला आणखी एक प्रश्न. रन्क्स-२ म्हणजे हाडाची कळ असेल, तर ती जास्त दाबल्यावर जास्त हाड व्हायला हवे. २००१ साली तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाने, म्हणजे रन्क्स-२विना हाड नाही हे दाखवणाऱ्यांपैकीच एकाने, ऑस्टिओब्लास्टमध्ये रन्क्स-२ वाजवीपेक्षा जास्त बनवणारे उंदीर तयार केले. त्यांच्या पेशी प्रौढ होईनात, हाडे विरळ झाली आणि ठिकठिकाणी मोडली. कळीचा दृष्टान्त त्या उंदरांच्या मोडक्या फासळ्यांत कसा बसवायचा ते प्रतिपक्षाने सांगावे.

संस्काराची गोष्ट निघालीच आहे, तर ऑस्टिओकॅल्सिनही पाहू. एकोणपन्नास अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन. त्यातल्या तीन ग्लुटामिक आम्लांवर के जीवनसत्त्वाच्या मदतीने एकेक जादा कार्बोक्सिल गट चढतो, आणि मगच ते कॅल्शियमला आणि हाडातल्या खनिजाला नीट धरते. वॉरफरिनसारखे औषध ही क्रिया रोखते. चढलेल्या आणि न चढलेल्या ऑस्टिओकॅल्सिनचा संदेश अक्षरशः एकच, एका अक्षराचाही भेद नाही. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र तराजू आहे. कार्बोक्सिल चढला की वजन ४४ डाल्टननी वाढते, हायड्रॉक्सिल चढला की १६ने, फॉस्फेट चढले की ८०ने. ज्या गोष्टीने वजनात फरक पडतो ती तराजूला दिसते. जी गोष्ट मजकुरातच नाही, ती वाचणाऱ्याला कशी दिसेल?

इथवर मी बहुतांशी खंडन केले. प्रतिपक्ष आता म्हणेल, ठीक, आरएनएला मर्यादा आहेत. पण प्रथिन-विश्लेषणाने स्वतः असे काय दिले, जे दुसऱ्या वाटेने मिळाले नसते? रास्त प्रश्न आहे. उत्तरादाखल ओडेन्सचा प्रयोग पुढे करतो.

माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना ईजीएफ हा वाढीचा घटक दिला तर त्या ऑस्टिओब्लास्टच्या वाटेने जातात. पीडीजीएफ दिला तर जात नाहीत. दोघांचीही कार्यपद्धती वरवर सारखी: पेशीच्या पृष्ठावरच्या ग्राहकाला धरायचे आणि आत टायरोसिनवर फॉस्फेट चढवण्याची लाट उठवायची. मग फळ निराळे का? डेन्मार्कमधील ओडेन्सच्या विद्यापीठात मॅथियास मान यांच्या गटातील इरिना क्राचमारोव्हा आणि सहकाऱ्यांनी या पेशींच्या तीन तुकड्या तीन प्रकारच्या अमिनो आम्लांवर पोसल्या: हलक्या, मध्यम आणि जड. रसायन तेच, अणूंचे वजन तेवढे वेगळे. एका तुकडीला काहीच दिले नाही, दुसरीला ईजीएफ, तिसरीला पीडीजीएफ. मग तिन्ही एकत्र कालवून फॉस्फेट चढलेली प्रथिने वेचली आणि तोलली. वजनावरून प्रत्येक प्रथिन कोणत्या तुकडीतले हे ओळखू येत होते. मिसळल्यानंतरचे सगळे सोपस्कार तिघींवर सारखेच झालेले, त्यामुळे हाताळणीतल्या चुकीला जागा थोडी. हिशेब निघाला तो असा: नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिने दोन्ही घटक सारखीच वापरतात. फरक एका वाटेचा होता. पीआय-३ कायनेजची साखळी फक्त पीडीजीएफ जागी करत होता.

नुसत्या निरीक्षणावर ते थांबले असते, तर ‘संबंध दिसला, कारण कोठे?’ असे विचारता आले असते. त्यांनी ती एक वाट औषधाने अडवली आणि पुन्हा पीडीजीएफ दिला. आता पीडीजीएफ दिलेल्या पेशीही ऑस्टिओब्लास्टच्या वाटेला लागल्या. २००५ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आले. अन्वयही झाला, व्यतिरेकही झाला.

यावर कोणी म्हणेल, की काही दिवसांनी आरएनए मोजला असता तर दोन तुकड्यांतला फरक त्यातही दिसला असता. दिसला असता, यात शंका नाही. शेकडो जनुके वर, शेकडो खाली अशी लांबलचक यादी आली असती, आणि त्या यादीतले कारण कोणते व परिणाम कोणता हे ओळखायला आणखी दहा प्रयोग लागले असते. निर्णय फॉस्फेटच्या लाटेत झाला. ती लाट काही मिनिटांची. आरएनए वाचणारा पोहोचतो तोवर निकाल लागून न्यायालय उठलेले असते.

येथे माझ्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. प्रथिन-विश्लेषणाची बदनामी प्रतिपक्षाने केलेली नाही. ती आपण केली. द्विमितीय जेलवर ठिपके पाडायचे, गडद झालेले ठिपके कापून ओळखायचे आणि ‘ऑस्टिओब्लास्टच्या घडणीत बदलणारी अमुक इतकी प्रथिने’ असा निबंध छापायचा, असा धंदा काही वर्षे जोरात चालला. २००८ साली काही संशोधकांनी असे निबंध जमवून पाहिले, विषय नाना प्रकारचे, रोग आणि अवयव पुष्कळ. सगळीकडे तीच मंडळी पुन्हा पुन्हा हजर: इनोलेज, हीट-शॉक प्रथिने आणि त्यांचे सोबती. ही काही घडणीची खूण नव्हे; पेशीला त्रास झाला की ही प्रथिने हलतातच, आणि जेलवर ठळक दिसतात ती विपुल असतात म्हणून. जी पद्धत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते, ती उत्तर देत नाही. पण हा दोष जुन्या उपकरणाचा आणि आळशी प्रश्नांचा. आज पेशींच्या एका नमुन्यातून हजारो प्रथिने मोजता येतात, आणि ओडेन्सची मंडळी यादी काढायला बसली नव्हती. त्यांच्या हातात एक नेमका प्रश्न होता.

आणि प्रथिनांच्या वाटेने काही मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी जरा आपली वंशावळ पाहावी. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने क्षार काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले, आणि स्नायूत नवे हाड उगवले. मेलेल्या हाडातले काहीतरी शेजारच्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट व्हायला सांगत होते. १९८१ साली कुबेर संपत आणि ए. हरी रेड्डी यांनी तो पदार्थ ग्वानिडिनने हाडातून विरघळवून वेगळा केला. उरलेला गाळ एकटा निष्प्रभ; गाळात अर्क परत मिसळला की पुन्हा हाड. पुढे गाईबैलांच्या हाडांतून शुद्ध केलेल्या प्रथिनाच्या तुकड्यांचा क्रम वाचला गेला आणि त्यावरून जनुके शोधली गेली. १९८८ साली जॉन वॉझ्नी आणि सहकाऱ्यांनी ती जाहीर केली. बीएमपी हे त्यांचे नाव. आज कोणत्याही आरएनएच्या यादीत बीएमपी-२ दिसले की प्रतिपक्ष आनंदतो. त्या जनुकाचा पत्ता प्रथिनानेच दिला होता.

मित्राच्या म्हणीकडे परत येतो. तिचा व्यतिरेक मी आरंभी शंभर वेळा मान्य केला होता. त्यातला एक आता परत घेतो. हाडातली कोलॅजनेतर प्रथिने वेगळी करून मोजली, तर फेट्युइन-ए हे त्यांतले एक विपुल प्रथिन म्हणून समोर येते. कॅल्शियम-फॉस्फेट भलत्या जागी साचू न देणे हे त्याचे काम. ऑस्टिओब्लास्टच्या आरएनएत त्याचा उगम शोधत बसले तर हाती फारसे लागणार नाही, कारण ते बनते मुख्यतः यकृतात. रक्तातून वाहत येते आणि खनिजाला धरून हाडात मुरते. प्रतिपक्ष येथे चपळाईने म्हणेल, की बशीतल्या पेशींभोवती वासराचे रक्तद्रव्य असते, त्यात फेट्युइन भरपूर, तेव्हा तुमच्या तराजूची फसगत होते. होत असे. म्हणून तर पेशींना जड अमिनो आम्लांवर पोसायचे: जे जड निघेल ते पेशीने स्वतः बनवलेले, जे हलके निघेल ते वासराकडून आलेले. हाडातल्या या प्रथिनाचा आड पोटात आहे, उजव्या बाजूला, फासळ्यांखाली. मित्राने पोहरा हाडात सोडला होता.